मायच्या हातावरची तुळस

माझ्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, तुळस गोंदलेली आहे. इतकी वर्षं झाली तरी हिरवीगार, ठसठशीत. नाती तिच्यावर बोट फिरवतात आणि म्हणतात, काय सुबक आहे गं! मी हात ओढून घेते. ती सुबक का राहिली हे त्यांना ठाऊक नाही, आणि सांगायला लागले की माझा आवाज चढतो. म्हणून लिहूनच टाकते.

आमचं गाव तापीकाठचं, सारंगखेड्यापासून बैलगाडीनं जवळच. घोड्यांची जत्रा भरली की सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना आमचं घर आठवायचं. जत्रा तिकडे आणि पंगती आमच्याकडे! पुरुष घोडे बघून यायचे, त्यांच्या चालीवरून भांडायचे आणि पाटावर बसायचे. मायनं चुलीपुढून उठायचंच नाही. एवढ्या जवळ जत्रा, पण तिला ती धड बघायला मिळाली ती एकदाच, आणि तीही माझ्या गोंदणासाठी.

येत्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं. लग्नाआधी पोरीच्या हातावर गोंदण हवं, नाहीतर सासरी टोमणे ऐकायची तयारी ठेवा. पण मायच्या माहेरी याहून वेगळी एक रीत होती. लेकीचं पहिलं गोंदण झालं की त्याच सुईनं, त्याच काजळानं आईच्या हातावरही तेच चित्र काढायचं. बाई मेली की अंगावरचे दागिने काढून घेतात, गोंदण कोण काढणार? वर गेल्यावर मायलेकींनी एकमेकींना ओळखायचं ते या खुणेवरून. मायच्या उजव्या हातावर तिच्या आईच्या जोडीचा विंचू होता. डावा हात तिनं माझ्यासाठी कोरा ठेवला होता.

जत्रेत गोंदणारी एका झाडाखाली बसली होती. दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या सुया काजळात बुडवून तिनं टोचायला सुरुवात केली तशी मी बोंब ठोकली. मायनं माझं डोकं पोटाशी दाबून धरलं. मग तिची पाळी आली. ती हूं की चूं न करता माझ्याकडे बघत बसली.

"आनि मी वळखू नही शकनी तर?" मी रडतच विचारलं.

"आपली तुळस सारखी शे ना," ती म्हणाली. "तू हात दखाडशी, मी बी दखाडसू. चूक कशी व्हई?"

गोंदणारीनं पथ्य सांगितलं. सकाळ-संध्याकाळ हळद-तेल लावायचं. पाणी नको, शेण नको, आंबट नको, वांगं तर मुळीच नको. खाज सुटेल, पण नख लावायचं नाही. खपली ओढली तर रंगही तिच्याबरोबर जातो. मायनं हे सगळं कान देऊन ऐकलं, गाडीत बसल्यावर माझ्याकडून घोकून घेतलं. ते पथ्य दोघींसाठी होतं, हे तिच्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही.

घरी आल्यावर माझी चंगळ झाली. नदीचं पाणी, भांडी, गोवऱ्या थापणं, सगळी माझी कामं मायनं स्वतःवर घेतली. "तू बठ, मी करी लेसू." घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि मी महाराणीसारखी हात मांडीवर ठेवून ओट्यावर! पण वांग्यांनी मात्र जीव नको केला. थंडीचे दिवस, परसात काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, त्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. सगळे भरीत-भाकरी हाणत होते आणि माझ्या ताटात वरण. मी ताट ढकलून दिलं. माय चिडली नाही. खाज सुटली की मी हात चोळायला बघायची, तर ती हातातलं काम टाकून यायची आणि गोंदणावर फुंकर घालत बसायची.

तिळाच्या तेलात हळद कोमट करून ती कापसाच्या बोळ्यानं माझ्या हाताला लावायची, अगदी हलक्या हातानं. तोच बोळा जाता जाता स्वतःच्या हातावरून फिरवायची आणि लगेच शेणाच्या पाटीत हात घालायची. हे मी रोज बघत होते. मला ते विचित्र वाटलं नाही. आईचा हात म्हणजे कामाचा हात, त्याला काय होतंय!

माझी आत्या तेव्हा जत्रेसाठी आली होती. ती रोज माझा हात उजेडात धरून बघायची, चार बायकांना बोलावून दाखवायची. "कशी सुंदर खपली धरी ऱ्हायनी, दखा!" मायचा हात कुणी बघितला नाही. अरे, घरात एवढी माणसं होती, घोड्याच्या दातावरून त्याचं वय सांगणारी! एकालाही ती पदर खाली ओढून का वावरते हे दिसू नये? आजही आठवलं की माझं टाळकं फिरतं.

शेवटी वाढताना तिच्या हातून भाकरीची टोपली पडली. आत्यानं पदर बाजूला केला तर हात कोपरापर्यंत सुजून तांबडालाल, आणि तुळशीच्या जागी पू. कडुनिंबाचा पाला बांधून झाला, पोटीस झालं, अंगात ताप चढला. मग वडिलांनी गाडी जुंपली आणि तिला नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं. तिथं हात चिरून निचरा केला. माय वाचली. इकडे माझी खपली आपोआप गळाली आणि खालून ही तुळस निघाली, हिरवी, रेषान् रेष शाबूत.

मायच्या हातावर राहिला एक पांढरा, चकचकीत व्रण, भाकरीचा फोड फुटून बसावा तसा. पुढच्या जत्रेच्या दिवसांत तिनं गोंदणारीला घरीच बोलावून त्यावर पुन्हा तुळस काढायला सांगितली. गोंदणारीनं अंगठ्यानं चामडी दाबून बघितली आणि मान हलवली. या कातडीत काजळ धरत नाही, म्हणाली.

सासरहून मी माहेरी गेले की माय आधी माझा हात हातात घ्यायची. तुळस बघून तिचा चेहरा फुलायचा. मग ती स्वतःचा हात पदराखाली सारायची. "मी तुले वळखी लेसू," म्हणायची, "पन तू माले कशी वळखशी व?"

"काय बी बोलस, माय," मी म्हणायची, आणि विषय बदलायची. मला वाईट वाटायचं. वर्षानुवर्षं ती हा घोर मनात घेऊन वावरली. बाकी कशाचीही तिला भीती नव्हती.

ती गेली लढाईच्या काळात, रॉकेल मिळेनासं झालं होतं तेव्हा. सकाळी अंगणात आडोसा करून बायका तिला न्हाऊ घालत होत्या. पाणी मी घालत होते. शेजारच्या एका म्हातारीनं तिचा डावा हात उलटा करून बघितला. "आनि हिनी तुळस कोठे गई?"

मी वर बघितलं. मायच्या अंगावर हात फिरवणाऱ्या त्या सगळ्या बायका, बाह्या वर सारलेल्या, हात ओलेचिंब, आणि एकूण एक हातावर तुळस. माझ्यासारखीच. कुठली कुणाची, काही कळू नये. त्या सगळ्या हातांमध्ये वेगळा हात एकच होता.

एवढी साधी गोष्ट! ती जिवंत असताना मला का दिसली नाही? एका वाक्यात तिचा घोर गेला असता.

मी तांब्या खाली ठेवला आणि तिच्या कानाशी वाकले. "माय, मी तुले वळखी लेसू," म्हटलं, "तुन्हा ह्याच हातवरथून."

"आते काय बोलस तिन्हासंगे," म्हातारी म्हणाली. "पानी घाल, बेटा."

मी तांब्या उचलला.