काचकाकू आणि पाच टिकल्या

काचकाकूंसमोर जपून बसावं लागे. शर्टाचं लोंबणारं बटण, पैंजणाचं निखळलेलं घुंगरू, बांगडीचा टवका, काहीही दिसलं की बाईंचा हात पुढे. मग ते काचेसारख्या गोठणाऱ्या रेझीनमध्ये बुडायचं आणि दुसऱ्या दिवशी लखलखीत की-चेनमधून आपल्याकडेच बघत बसायचं. काच नव्हतीच ती. पण आमच्या लातूरच्या गल्लीत एकदा नाव पडलं ते पडलं.

"विचारून का घेत नाही हो?" म्हटलं तर म्हणायच्या, "विचारलं की माणसाला त्या वस्तूची माया येती. मग देतंय व्हय कुणी?" कपाळ माझं!

दोन बाटल्यांतलं मिश्रण त्या इतक्या सावकाश ढवळत, की बघणाऱ्याला जांभया याव्यात. घाई केली की बुडबुडे धरतात म्हणे. शेजारच्या सुनेच्या लग्नातला हार त्यांनी रेझीनमध्ये बसवून दिला, तर महिनाभरात मोगरा तपकिरी! ती बिचारी रडकुंडीला आली. काकू शांत. "फूल हाय बाई ते. म्हातारं व्हणारच."

आई गेली तेव्हा माझं घरात एकच म्हणणं होतं, आरशाला कुणी हात लावायचा नाही. रोज अंघोळीआधी आई कपाळावरची टिकली आरशाच्या कोपऱ्यात चिकटवायची. पाच राहिल्या होत्या. तेराव्याच्या आदल्या दिवशी पाहुण्यांसाठी आवराआवर झाली आणि संध्याकाळी बघते तर आरसा स्वच्छ! मी मावशीला बोलले, वहिनीला बोलले, नुसता आकांत केला. काकू तिथंच पोळ्या लाटत होत्या. अवाक्षर काढलं नाही.

आठवड्यानं त्यांनी माझ्या हातावर बशीएवढी पारदर्शक चकती ठेवली. आत पाचही टिकल्या, आरशावर होत्या तशाच वाकड्या ओळीत. माझं डोकंच फिरलं.

"काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"तुझी मावशी वलं फडकं घेऊन निघाली हुती, पोरी. तिला समजावत बसू का टिकल्या काढू?"

"मग त्याच दिवशी बोलला का नाहीत?"

"वतताना बिघडलं असतं तर? तू आधीच लई रडत हुतीस."

हे खरं होतं की सबब, मला आजही ठरवता येत नाही. आभार मानावेत की भांडावं? दोन्ही जमलं नाही. महिनाभर मी तोंड फिरवून राहिले आणि तेवढ्यात काकू लेकीकडे नांदेडला कायमच्या निघाल्या. मी पाया पडले, त्यांनी पाठीवरून हात फिरवला.

परवा चकती खिडकीशी धरली. मधल्या टिकलीशेजारी एक पांढरा केस दिसला. आईचे केस पांढरे होते, आणि ओतताना वाकून बसणाऱ्या काकूंचेही. फोन हातात घेतला, काकूंचा नंबर काढला आणि ठेवून दिला. आईचाच असू दे, असं फार वाटतं. पण काकूंचा निघाला, तरी तो तिथं नसता तर बरं झालं असतं, असं आता मला म्हणवत नाही.