चिकटवलेल्या पाकिटातला शब्द

डॉक्टरांनी बोलून पाठवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करायचे, हे आमच्या ऑफिसचं काम. आशा माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. नवा शब्द आला की ही बाई थांबणार, त्याचं मूळ शोधणार, वहीत लिहिणार. "योगिनी, मसल म्हणजे लॅटिनमध्ये छोटा उंदीर गं!" मी म्हणायची, "टाइप कर बाई, साहेब ओरडतील."

तिची आई कुसाबाई, राहणार कळवण. पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन इथे नाशकात एका खासगी दवाखान्यात झालं. चौथ्या दिवशी पोट फुगलं, डोळे पिवळे पडले. डॉक्टर म्हणाला, "फार उशिरा आणलंत तुम्ही. मोठ्या हॉस्पिटलला न्या." आणि चिकटवलेलं पाकीट दिलं. आपल्याकडे डॉक्टरचं पाकीट कोण फोडतं? आशाने ते जपून छातीशी धरून पोहोचवलं. आठवड्याने कुसाबाई गेल्या.

दहाव्याला धाकटा भाऊ संतोष सगळ्या भाऊबंदांसमोर बोलला, "दिवाळी होऊ दे म्हणून हिनेच आईचं ऑपरेशन थांबवलं. हिनेच मारलं." थांबवलं होतं हे खरंच, म्हणून आशाने तो दोष मानून घेतला. पार वाळून गेली पोरगी.

मार्चमध्ये मोठ्या हॉस्पिटलातून फाइलची झेरॉक्स मिळाली. त्यात ते पाकिटातलं पत्र होतं. 'आयाट्रोजेनिक बाइल डक्ट इंज्युरी.' तिने लगेच मूळ शोधलं. ग्रीकमध्ये 'इयात्रोस' म्हणजे वैद्य, आणि पुढचं म्हणजे त्याच्यापासून झालेलं. पित्तनळी डॉक्टरच्याच हातून कापली गेली होती. मेल्याने मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना खरं कळवलं आणि आईचं मरण लेकीच्या माथी मारलं! मी शिव्या घातल्या. आशा रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "तक्रार करणारच. पण आधी त्याच्या तोंडून वदवते. मराठीत."

सही लागते अशी थाप मारून तिने संतोषला बोलावलं. सोमवारी त्या डॉक्टरची ओपीडी खच्चून भरलेली. आम्ही तिघं आत गेलो, केबिनचं दार मी उघडंच धरून ठेवलं.

"या शब्दाचा अर्थ सांगा," आशाने पत्र पुढे सरकवलं.

"टेक्निकल आहे. तुम्हाला नाही कळणार."

"मला कळलाय. तुम्ही सांगा, नाहीतर बाहेर बसलेल्यांना मी सांगते."

त्याने दाराकडे पाहिलं. "म्हणजे... डॉक्टरकडून झालेली इजा."

"उशीर केल्यामुळे नाही?"

"नाही."

संतोष आशाच्या पाया पडायला वाकला. "ताई, चुकलं गं माझं."

"तुझा नंबर नंतर," ती म्हणाली. "डॉक्टर, परत सांगा. मोठ्याने."

त्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी तक्रार गेली. संतोषचा नंबर अजून लागलेला नाही.