हवेला जागा ठेवणारे माणिकराव

माणिकराव साळवे यांनी पहिल्या भेटीत मला काहीही विकलं नाही. त्यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथात लेखाची सुरुवात अशी करावी का, याचा मी थोडा विचार केला. पण आमची ओळख झाली ती अशीच. सावेडीत त्यांचं टीव्ही आणि टेपरेकॉर्डरचं दुकान. व्हीसीडी प्लेअर तेव्हा नगरात नुकते येऊ लागले होते, आणि मला शोकेसच्या कप्प्यात बसेल असा चपटा, देखणा प्लेअर हवा होता. कप्प्याला काच आहे का, त्यांनी विचारलं. होती. मागून बंद आहे का? होता. "ताई, आधी सुताराला बोलवा, मग माझ्याकडं या," ते म्हणाले. मी तणतणत घरी गेले. पुढे त्यांच्याच काउंटरवर नोकरीला लागले आणि तणतणत जाणारी गिऱ्हाइकं पाहायची मला सवय झाली.

दुकानात त्यांनी दोन प्लेअर कायमचे उघडून ठेवले आहेत, एक थोराड आणि एक चपटा. तबकडी दोन्हींत एकच लागते, मग एक एवढा मोठा का आणि दुसरा लवकर का बिघडतो, असं लोक विचारतात. माणिकराव त्यांना झाकणाखालची जागा दाखवतात. मोठ्यात वीज आत घेणारा भाग एका कोपऱ्यात, तबकडी फिरवणारा दुसऱ्या कोपऱ्यात आणि मध्ये बरीचशी नुसती हवा. छोट्यात तेच सगळं एकमेकांना खेटून; एक तापला की शेजारचाही तापतो. त्यात स्वस्त द्यायचा म्हटलं की आतले भाग लेचेपेचे येतात. पण मोठं ते चांगलंच, असंही ते कुणाला म्हणू देत नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकाने हातात तोलून पसंत केलेला जड प्लेअर त्यांनी उघडला, तर तळाशी एक लोखंडी पट्टी आवळलेली. कामधाम काही नाही, नुसती वजनापुरती. "वजन म्हंजे इमान न्हाई," एवढंच म्हणाले. प्रत्येक प्लेअर ते आधी दुकानात एक अख्खा सिनेमा चालवून मगच गिऱ्हाइकाच्या हाती देतात. त्यापायी मला नको ते सिनेमे पाठ झाले आहेत.

एका दुपारी पारनेरच्या कौसाबाई दुकानात आल्या आणि पिशवीतून एक चपटा प्लेअर काढून काउंटरवर ठेवला. सुरतेला दिलेल्या लेकीने तो पाठवला होता, सोबत तिच्या लग्नाची तबकडी. कौसाबाईंना तो विकून टाकायचा होता. बिघडलाय का विचारलं, तर नाही म्हणाल्या. मग हळूहळू उलगडत गेलं. लग्न लागताना नवरीच्या आईने ते पाहू नये, अशी त्यांच्याकडची रीत. मंगलाष्टका चालू होत्या तेव्हा त्या घरामागे तुळशीपाशी बसून होत्या. लेकीला ते सलत होतं. आता तरी बघ, असा निरोप देऊन तिने हे सगळं पाठवलं. पण हळद दिसायची, नवरदेव दिसायचा, मंगलाष्टका सुरू व्हायच्या आणि अंतरपाट दूर व्हायच्या आत चित्र थिजायचं. दर वेळी तिथेच.

"मशीनलाबी कळतं, आईनं बघू न्हाई," कौसाबाई म्हणाल्या. "मंग कशाला ठिवू?"

माणिकराव हसले नाहीत. लग्नाची तबकडी कौसाबाईंनी आणली नव्हती. ती काही विकायची नव्हती. म्हणून त्यांनी दुकानातला सिनेमा लावला. तो शेवटपर्यंत बिनबोभाट चालला, आणि मशीनला कळतं याची कौसाबाईंना खात्रीच पटली. माणिकराव बौद्ध. त्यांच्या घरच्या लग्नात आई सगळ्यांच्या पुढे उभी असते. आता हे चार शब्द सुनावणार, असं मला वाटलं. पण प्लेअर घरी कुठे ठेवता, एवढंच त्यांनी विचारलं आणि रविवारी बघायला येतो म्हणाले.

रविवारी आम्ही एसटीने पारनेरला गेलो. तबकडीवर ओरखडा असला तर तो पचवणारा थोराड प्लेअर माणिकरावांच्या मांडीवर होता. मी निव्वळ उत्सुकतेपोटी गेले होते. कौसाबाईंचा प्लेअर टीव्हीवर मानाने बसला होता, अंगावर भरतकाम केलेलं कव्हर: चारी बाजूंनी झालर, वर गुलाब, मधोमध लेकीचं नाव. लेकीच्या वस्तूवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी ते स्वतः भरलं होतं. तबकडी लावली. चित्र ठरल्या जागी थिजलं. माणिकरावांनी कौसाबाईंना कव्हरावर हात ठेवायला लावला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखं ते लागत होतं.

"मावशी, ह्याला कळत काई न्हाई," ते म्हणाले. "ह्याला उकडतंय. निजलं की पांघरून घाला, जागं असलं की काढा."

कव्हराची घडी झाली, चहा झाला, प्लेअर निवला. मग पहिल्यापासून लावलं. मंगलाष्टका सुरू झाल्या तशा कौसाबाई उठल्या आणि मागल्या दाराकडे निघाल्या.

"मावशी, लगीन कवाच लागलंय. आता बघायला कुनाची आडकाठी?" माणिकराव म्हणाले.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तांदूळ आनते."

आम्हा दोघांच्या हातावर त्यांनी चिमूट चिमूट अक्षता ठेवल्या. अंतरपाट दूर झाला, लेकीने मान वर केली आणि आम्ही तिघांनी टीव्हीवर अक्षता टाकल्या. कौसाबाई रडत होत्या. मीही रडले, यात लपवायचं काय.

परतताना थोराड प्लेअर पुन्हा मांडीवर. हा तर कव्हराखालीही चालला असता, मग विकला का नाहीत, असं मी विचारलं. "चालला असता," ते म्हणाले. "पन तो लेकीनं दिलेला न्हाई."

यंदा कौसाबाईंचा प्लेअर साफसफाईला आला. झाकण उघडलं तर वरच्या फटीतून पडलेला तांदळाचा एक दाणा आत कोपऱ्यात. धुळीचा कणही खपवून न घेणाऱ्या माणिकरावांनी ब्रशने सगळं झाडलं, त्या दाण्याशी हात थांबवला आणि म्हणाले, "हवेच्या वाटंत न्हाई. ऱ्हाऊ द्या." झाकण मीच लावलं.

माणिकरावांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो आणि नगरच्या घराघरांत त्यांचं झाकणं उघडणं असंच चालू राहो. हारतुरे नकोत असं त्यांनी आम्हाला बजावलं आहे. समारंभाला कौसाबाई येणार आहेत, आणि त्यांच्या मुठीत काय असेल ते मला ठाऊक आहे. त्यातले चिमूटभर आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवा, एवढंच मी त्यांना कळवलं आहे.