चौकटीतलं नाव

सर गेल्याचं कळवायला विभागप्रमुखांचा फोन आला, तेव्हा मी वाघोलीहून बसनं कामावर निघाले होते. "अहो, पण ते तर रोज टेकडी चढायचे ना?" त्यांच्या आवाजात दुःखापेक्षा शंकाच जास्त होती. व्यायाम शिकवणारा डॉक्टर हृदयविकारानं गेला, म्हणजे एकतर व्यायाम खोटा नाहीतर डॉक्टर खोटा, असा निकाल पुण्यात लगेच लागतो. खरं तर सरांनीही आधी हीच शंका काढली असती...

सर, म्हणजे डॉ. बेहेरे, आमच्या रुग्णालयात हृदयविकारातून उठलेल्यांना पुन्हा चालतं करायचे आणि शिकाऊ डॉक्टरांना गोळ्यांइतक्याच काटेकोरपणे व्यायाम लिहून द्यायला शिकवायचे. मी त्यांच्या हाताखालची फिजिओथेरपिस्ट. माणूस कमालीचा संशयी. "आपला पेशंट खोटं बोलत नाही हो," ते म्हणायचे, "डॉक्टरला बरं वाटेल तेवढंच बोलतो." म्हणून संशोधनातल्या रुग्णांच्या घरी ते न कळवता जाऊन थडकायचे. मलाही न्यायचे, आणि जिन्यात मला दम लागला की माझ्याकडेही संशयानं बघायचे.

रुग्ण घरी नेमानं चालतात, असं दाखवणारा आमचा पेपर जवळजवळ तयार होता. आकडे इतके गोड होते की सरांची झोप उडाली. कसब्यात तांब्याची भांडी घडवणाऱ्या एका काकांकडे आम्ही गेलो. काका ओशाळून चहा सांगायला उठले, काकूंनी मात्र सांगून टाकलं, "अहो, हे कुठले चालतात! तुमची ती डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाली, काका, नुसतं हो म्हणा, माझा थिसिस अडलाय." सर चहा पिऊन शांतपणे उठले. आणखी दोन-चार घरांत तेच निघालं. त्यांनी पेपर थांबवला. फोन करणाऱ्या त्या शिकाऊ मुलीला काढलं नाही. यापुढे प्रत्येक शिकाऊ डॉक्टरनं आपल्या रुग्णाबरोबर स्वतः चालायचं, असा नियम केला. पेपर अडला म्हणून विभागप्रमुखांनी सरांशी अबोला धरला. काका खरोखरच नदीपर्यंत जाऊ लागले... आणि सर गेले.

शोकसभेत मेलेल्या म्हशीला मणभर दूध. सगळ्यांत जास्त विभागप्रमुख बोलले, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. आठवड्यानं त्यांनी तोच जुना पेपर माझ्यापुढे ठेवला. पहिलं नाव सरांचं, भोवती काळी चौकट.

"श्रद्धांजली म्हणून छापू. सहलेखक म्हणून तुमची सही तेवढी राहिलीय."

"सरांनी तो थांबवला होता."

"अहो, गेलेल्या माणसाचा मान राखायला नको का?"

मी सही केलेली नाही. बाईंना स्वतःचं नाव पहिलं हवंय, अशी आता विभागात कुजबुज आहे. कुजबुजू देत. मला सरांची फार आठवण येते, आणि त्यांना आता नाही म्हणता येत नाही याचा संताप येतो.

त्यांच्या खोलीत एकच खुर्ची आहे, रुग्णासाठी. बाकी सगळ्यांनी उभं राहायचं, सरांनीसुद्धा. रोज सकाळी त्या खुर्चीवर तो पेपर ठेवलेला असतो, वर पेन. मी तो उचलून विभागप्रमुखांच्या टेबलावर नेऊन ठेवते, खुर्ची पुसते आणि पहिल्या रुग्णाला आत बोलावते.