हद्दीच्या दगडाखालचा कोळसा

दिवाळी नुकतीच उरकली होती. साल २००३. सकाळी पौडच्या एसटी स्टँडवर चहा घेतला आणि जीपने मुळशीच्या डोंगरांकडे निघालो. जंगलाच्या हद्दीवर खुणा करण्याचं काम होतं आणि गळ्यात नवंकोरं जीपीएस यंत्र. त्याचा मला कोण तोरा!

जीप सोडली तिथून तासभर चढण. माथ्यावर तीन घरांची धनगरवस्ती. शेवटचं घर धोंडाबाईंचं. भोवती वई (काटेरी कुंपण), आत दोन म्हशी. दुपारी त्यांनी मला नाचणीची भाकरी आणि ताक दिलं. ते खाऊन मी त्यांच्याच अंगणात चुन्याची रेघ ओढली. घर रेघेपलीकडे, जंगलात गेलं. म्हणजे ते उठवलं जाणार.

“ही रेग कुनी सांगितली?” त्यांनी विचारलं.

“वरचे उपग्रह सांगतात, मावशी.”

“त्ये कवा आलं हुतं हितं? हद्दीचा दगूड त्या हिरड्याखाली हाय.”

“दगड काय, कुणीही सरकवतो.”

“दगूड सरकंल. खालचा कोळसा न्हाई सरकायचा. मोजनी झाली तवा सासऱ्यानं सगळ्यांम्होरं पुरलाय. कोळसा कुजत न्हाई. खना तुमी.” आणि त्यांनी पहार माझ्या हातात ठेवली.

हातभर खणल्यावर काळाभोर कोळसा लागला. माझी रेघ तिथून चाळीस पावलं चुकली होती. यंत्र दगडावर ठेवलं, तर ते जागचं न हलताही आकडे सरकत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आदी ती रेग पुसा,” धोंडाबाई म्हणाल्या. मी पायाने पुसली.

पुण्याला परतल्यावर कचेरीतल्या वरिष्ठांनी कारण सांगितलं. त्या दिवसांत सूर्यावर वादळं उठली होती. अशा वादळांनी वरच्या हवेतला विजेने भारलेला थर ढवळला, की उपग्रहाचा संदेश वाटेत रेंगाळतो आणि यंत्र अंतर चुकीचं मोजतं. “तुझी चूक नाही,” ते म्हणाले.

मला मात्र हायसं वाटेना. धोंडाबाईंकडे जाण्याच्या आदल्या दिवशी याच यंत्राने मी खालच्या वाडीत दोन घरं जंगलात टाकली होती. तिथल्या माणसांनी साहेब म्हणून पाणी दिलं, चुन्याकडे पाहिलं आणि मुकाट मान हलवली. कोणीही खणायला सांगितलं नाही. त्या घरांचे कागद अजून माझ्याच टेबलावर होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पौडची एसटी धरली. या खेपेस पहार मी घरूनच नेली.