उत्तमचंदांची कात्री आणि गवताचा लेख

अनसिंगच्या बाजारओळीत उत्तमचंदांचं कापडाचं दुकान होतं. माणूस सरळ, जिभेला गोड, पण कात्रीला महा कडक. मीटरपट्टीला कापड असं ताणून लावायचे की पट्टीलाच धाप लागावी. मागितल्यापेक्षा एक दोरा जास्त गेला तर त्यांना जेवण गोड लागत नसे. कापताना पडलेली कातरणसुद्धा फेकायची नाही. गादीच्या उशाशी एक पिशवी टांगलेली असे, तिच्यात सगळी चिंधी जमा.

अशा माणसाच्या पोटी अजितकुमार जन्मला आणि गवताच्या नादी लागला. वाशीमच्या कॉलेजात तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा. सुट्टीला घरी आला की तळ्याकाठी, बांधाबांधानं हिंडून गवत उपटून आणायचा आणि जुन्या पेपरात घालून मलमलच्या थानांखाली दाबून ठेवायचा. गिऱ्हाइकाला थान दाखवावं आणि खालून कुंदा नाहीतर पवन्या गवताची काडी बाहेर यावी, असं कितीदा झालं.

पुंजाजी पाटलाला तर विषयच मिळाला. "शेटजी, पोरगं कॉलेजात चारा शिकवते म्हंते? मंग आमचे बैल बी बसवा ना वर्गात."

"बसवतो. पण परीक्षेत तुह्यापेक्षा पुढं गेले तर रडजो नको," शेटजी म्हणायचे. वरून हसायचे. आतून मात्र एकुलत्या एक पोरानं गादी सोडली हे शल्य होतंच.

सत्तरच्या दशकातली, दिवाळीच्या सुट्टीतली ही गोष्ट. या भागातल्या गवतांवर अजितकुमारनं तीन वर्षं खपून इंग्रजीत एक लेख लिहिला आणि कलकत्त्याच्या एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवला. तो परत आला. संपादकाचं म्हणणं असं, की ओळी दाट आहेत, कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या आहेत, कडेला समास सोडलेला नाही आणि कुठलं चित्र कुठं बसवायचं त्याची खूण नाही. सगळं नियमाप्रमाणे करून महिनाअखेर पोचलं तर घेऊ, नाहीतर राहू द्या.

सुट्टीआधीच्या रविवारी घरी आला तेव्हा जेवताना अजितकुमार म्हणाला, "बाबा, या खेपेले वापस आला तर मी गुढीपाडव्यापासून दुकानात बसतो. झालं तेवढं गवत पुरे."

हे ऐकून शेटजींनी एक पोळी जास्त खाल्ली, असं शेजारच्या सोनीबाई सांगतात. भिंतीपलीकडून पोळी कशी मोजली, ते त्यांनाच ठाऊक.

कॉलेज बंद व्हायच्या आत अजितकुमारनं सगळा लेख तिथल्या मशीनवर नव्यानं टाईप केला. एकाच बाजूनं, मोकळ्या ओळींत, चारी कडांना ऐसपैस समास ठेवून. गवताच्या कणसांची चित्रं त्याच्या बायकोनं, राजमतीनं, काळ्या शाईनं काढली. सुट्टीला घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याला आत्याकडे रिठदला जायचं होतं. पुडकं बापाच्या हाती देऊन म्हणाला, "बाबा, येवढं पोस्टात रजिस्टर करून द्या."

कितीतरी वर्षांनी पोरानं काम सांगितलं! शेटजींना गुदगुल्या झाल्या. काम चोख करावं म्हणून त्यांनी पुडकं सोडलं. इंग्रजी येत नव्हतं, पण माल पारखता येत होता. पाहतात तो काय, अक्षरं मधोमध आणि चहूकडे नुसता कोरा कागद. तागडीत टाकलं तर वजन भारी.

"इतका कोरा कागद कलकत्त्याले कायले धाडाचा? तिकडं भेटत नाई का?" असं पुटपुटत त्यांनी मोठी कात्री काढली. मलमल कापावी तसे चार-चार कागद एकावर एक सरळ लावले आणि चारी बाजूंनी काठ उतरवले. मूळ प्रतही आणि कार्बनची प्रतही. काम असं सुबक झालं की पोरगं शाबासकी देईल, या खुशीत ते गठ्ठा न्याहाळत बसले.

राजमती चहा घेऊन आली आणि जागीच थिजली. "मामाजी! हे काय केलं?"

"फालतूचं काढून टाकलं, बेटा."

"फालतू नोयतं थे! छापणाऱ्याले खुणा कराले जागा लागते. अन् कोणतं चित्र कुठं बसवाचं, ते यायनं पेन्सिलीनं तिथंच लिहलं होतं."

"म्हंजे... कोरं नोयतं?"

"तुमाले कोरं दिसलं."

शेटजींचा चहा बशीतच राहिला. कॉलेज बंद, मशीन कुलपात, कारकून आपल्या गावी. नवा टाईप होणार कुठून?

सोनीबाईंनी घटकाभरात बातमी वेशीपर्यंत नेली. "म्हाताऱ्यानं मुद्दाम कापलं व माय! पोरगा गादीवर बसवाची युक्ती हाय थे." शेटजींच्या कानावर ते आलं आणि झोंबलं. पुंजाजीची थट्टा त्यांना कधी लागली नव्हती. हे लागलं, कारण पोरगं गादीवर बसावं असं मनात तर रोजच येत होतं.

दुपारच्या मोटारीनं अजितकुमार परतला. गठ्ठा पाहिला. ओरडला नाही, चिडला नाही. चपला काढल्या, गादीवर बसला आणि मीटरपट्टी मांडीवर घेतली. "बरं झालं बाबा. पाडव्याची वाट कायले पाहाची?"

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते डोळ्यांसमोर होतं, आणि शेटजींना ते बघवेना.

"ऊठ!" ते गरजले. "ऊठ गादीवरून! तुले पॉपलीन अन् मांजरपाटातला फरक समजत नाई, तू काय दुकान बुडवतं माह्यं?"

आणि त्यांनी उशाची पिशवी गादीवर उलटी केली. चिटाच्या, मलमलच्या कातरणीत कागदाच्या पट्ट्या होत्या. कातरण फेकायची नाही म्हणजे नाही! त्यांच्या कात्रीला मधोमध एक खाच पडलेली होती. दर कापाला त्या जागी बारीकसा दात उमटे. तो दात जुळवून शेटजी कुठली पट्टी कुठल्या चार पानांतली ते लावत गेले, आणि पट्टीवरची पेन्सिलीची अक्षरं वाचून राजमती त्यातलं नेमकं पान ठरवत गेली.

थानांच्या पोटात गुंडाळलेला जाड पांढरा कागद मुंबईहून यायचा, तो निघाला. शेटजींनी मीटरपट्टी लावून त्याचे मोठाले ताव कापले. राजमतीनं चुलीवर मैद्याची खळ शिजवली. एकेक पान तावाच्या मधोमध चिकटलं. चारी बाजूंना पुन्हा समास आला आणि त्यात राजमतीनं सगळ्या खुणा नव्यानं लिहिल्या.

"एका बाजूनं समास थोडा जास्त झाला वाटते," अजितकुमार म्हणाला. त्याच्या आवाजात आता जीव आला होता.

"असू दे," बाप म्हणाला. "कमी पडाले नोको."

ओली पानं सपाट कशी व्हावी? शेटजींनी स्वतः थानं उचलली. ज्यांच्याखाली गवत वाळायचं, त्यांच्याच खाली आता गवताचा लेख दबला. दुसऱ्या दिवशी पोस्टाची खिडकी उघडायच्या आधी बापलेक ओट्यावर हजर होते. पुडकं शेटजींनी काखेत धरलं होतं आणि पोराच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.

संक्रांत झाली. एका सकाळी पुंजाजी सदऱ्याचं कापड घ्यायला आला होता, तेवढ्यात पोस्टमननं कलकत्त्याचं कार्ड टाकलं. सुट्टीला आलेल्या अजितकुमारनं ते वाचलं आणि तो बापाच्या पाया पडला. लेख स्वीकारला होता. खाली संपादकानं लिहिलं होतं, कागद फार जाड आहे, पण इतके सरळ समास आमच्याकडे क्वचितच येतात.

शेटजींनी कार्ड उलटंसुलटं पाहिलं, डोळ्यांना लावलं आणि गल्ल्यावरच्या तसबिरीमागे खोचलं. मग कात्री उचलली.

"काय पुंजाजी, बैल कंदी आणतं मंग वर्गात?"

"आणतो शेटजी, अॅडमिशन तं भेटू द्या!" पुंजाजी हसला आणि हसता हसता थांबला. शेटजींनी पट्टी संपल्यावर चांगली दोन बोटं पुढं कापड सोडून कात्री चालवली होती.

"शेटजी, चुकलं का?"

"नाई चुकलं. राहू दे कडंले. शिवणाऱ्याले जागा लागते."