कुडाच्या तुराट्या

नांदेडची नोकरी संपवून मी लोह्याजवळच्या आमच्या गावी आईजवळ राहायला आलो आणि सगळ्यात आधी परसाला कूड घातला. तारेचं कुंपण मला नको होतं. त्यातून पलीकडचं सगळं दिसतं. पलीकडे माझी चुलती राहते, आईची थोरली जाऊ. ती दिसू नये, यासाठीच तर निम्मी खटपट. तुरीची रास झाल्यावर उरलेल्या तुराट्या चरात उभ्या दाट रोवल्या, बांबूच्या आडव्या कामट्या लावून सुतळीनं आवळल्या. आठ दिवस कंबर मोडून घेतली. आत वांगी आणि मेथी लावली.

महिन्याभरात कोपऱ्यातल्या तुराट्या कमी व्हायला लागल्या. रोज दोन-चार. कूड तिथं वाकला आणि एका दुपारी चुलतीची शेळी आत शिरून मेथी फस्त करून गेली. पुरावा कशाला हवा होता? कोपऱ्याच्या पलीकडेच तिची चूल, आणि चूल पेटवायला वाळल्या तुराटीसारखं दुसरं काही नाही.

मी तोंड सोडलं. "मोठे माय, जळण सरलं असंल तर माग की! चोरतीस कशाला?"

"तुझ्या काडीला हात लावला असंल तर हात झडंल माझा," ती तिकडून ओरडली.

"झडंल तवा झडंल. आधी शेळी बांध!"

मग रोज सकाळी तेच. फुकटी म्हणालो, उचली म्हणालो. खोटं कशाला बोलू, मला त्यात मजा यायला लागली होती. आई पायरीवर तांदूळ निवडत ऐकायची. लहानपणी थोरामोठ्यांना उलटून बोललो की हीच बाई उलथनं तापवायची. आता एकदाही 'गप बस' म्हणाली नाही. मला वाटलं, म्हातारपणानं मऊ झाली.

शेवटी मी त्या कोपऱ्यात बोरीचे काटे विणले. आतून-बाहेरून, हात घालायला जागा ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी चुलतीच्या बोंबेची वाट बघत चहाला बसलो. समोर आईला बशी धरता येईना. तळवा सुजला होता, त्यात तीन काटे.

आईची पाणी तापवायची चूल परसातच आहे. ती कशानं पेटते, हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

सुईनं काटे काढता काढता मी भडकलो. "मी त्या बाईला चोर म्हणायलो आणि तू नुसती ऐकायलीस? एका शब्दानं सांगायचंस!"

"पहिल्यांदा चुलीसाठीच घेतल्या रे."

"आणि मग?"

"मग तू तिला बोलायलास." तिनं हात ओढून घेतला नाही. "तिनं मला जलमभर बोलून घेतलं. माझ्या बाजूनं कुणी तोंड उघडलं न्हाई, तुझ्या बापानं बी न्हाई. तू बोलायलास तर लई बरं वाटलं."

मला आईचाही राग आला आणि माझाही. माफी मागायची म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी कुडाजवळ गेलो. विरळ झालेल्या कोपऱ्यातून पलीकडे चुलती झाडताना दिसली. मला बघून तिनं झाडू थांबवला, पदर खोचला आणि शिव्या ऐकायच्या तयारीनं उभी राहिली. तसाच परत फिरलो.

पायरीवर आई बसली होती, हाताला चिंधी बांधून.

"आज काही बोलला न्हाईस तिला?" तिनं विचारलं.